पाचव्या पानाचा दोरा

बाबांचं काम सुटलं की आमच्या घरात मका शिजायचा. बाबा बोईसरला एका कारखान्यात ठेक्यावर होते. कुणी कायम होऊ नये म्हणून ठेकेदार सहा-सात महिन्यांनी माणसं बदलायचा, मग बाबा दोन-तीन महिने घरी. उमरोळीपासून आत आमचा जमिनीचा लहानसा तुकडा आहे. पावसाळ्यात त्यात भात व्हायचं, ते होळीपर्यंत कसंबसं पुरायचं. त्यानंतर आई वाळलेल्या मक्याचे दाणे भिजत घालायची आणि सकाळी मीठ टाकून तासभर शिजवायची. तरी ते कडकच राहायचे. सकाळी तेच, शाळेच्या डब्यात तेच, संध्याकाळी थोडं तिखट घालून तेच. वर्गात डबा खाताना मी झाकण अर्धंच उघडायचे. स्टेशनाबाहेर लोक लिंबू-मीठ चोळलेलं कणीस हौसेने खातात ना, त्यांच्याकडे मला बघवत नाही. मी आजही मका खात नाही.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की कॉलेजच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पाला माझ्या वाट्याला मकाच आला.

पालघरच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. आई चौथी शिकलेली, बाबा आठवी. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. घरात ठरलं होतं की मी पदवीपर्यंत शिकायचं, पण एकही वर्ष वाया घालवायचं नाही. वर्ष गेलं तर बोईसरला पॅकिंगच्या कामाला लागायचं. बाबा हे रागाने म्हणाले नव्हते, 'पाऊस येईल, कपडे काढ' म्हणावं तसं म्हणाले होते. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला ठेकेदाराने त्यांना 'वय झालं' म्हणून घरी पाठवलं ते कायमचंच. प्रकल्प सक्तीचा होता. त्यात नापास म्हणजे वर्ष गेलं.

बाकीच्या मुलींनी छान छान विषय घेतले होते. एकीने खारफुटी घेतली, एकीने ऑर्किड. मी प्रकल्प बघणाऱ्या मॅडमकडे गेले तेव्हा त्या पेपर तपासत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "घरी शेती आहे ना? आता काय लावणार?"

"दिवाळीनंतर मका, मॅडम. थोडाच. घरी आणि म्हशीला."

"मग मक्याची पानं घे. पान कधी येतं, किती दिवसांत पूर्ण होतं, किती वाढतं. चाळीस झाडांची नोंद ठेव. सोपं आहे."

सोपं म्हणे. मक्याचं पान मोजणं सोपं असतं असं ज्याला वाटतं त्याने एकदा वाकून बघावं.

पान पोंग्यातून येतं. पोंगा म्हणजे झाडाच्या मधली गुंडाळी. आधी नुसता शेंडा दिसतो, पण शेंडा दिसला म्हणजे पान आलं असं होत नाही, ते अजून कितीतरी दिवस आतून वाढतच असतं. पानाचं पातं आणि खोडाला वेढून बसणारा त्याचा खालचा भाग, हे दोन्ही जिथे जुळतात तिथे एक फिकट पट्टी असते, सदऱ्याच्या कॉलरसारखी. ती बाहेर दिसली की पान पूर्ण झालं. तेवढीच पानं मोजायची. पहिलं पान लगेच ओळखू येतं, कारण त्याचं टोक गोल असतं, पुढची सगळी टोकदार. पण ते पहिलं पान टिकतच नाही. खोड जाड होत गेलं की खालची तीन-चार पानं फाटतात, पिवळी पडतात, गळतात. मग वरच्या पानाला सातवं म्हणायचं की आठवं? म्हणून पाचव्या पानाला खूण करून ठेवायची आणि तिथून वर मोजत जायचं. दहावं आलं की त्याला पुन्हा खूण.

मी आईच्या शिवणाच्या डब्यातलं लाल दोऱ्याचं रीळ घेतलं आणि चाळीस झाडांच्या पाचव्या पानाला बुडाशी सैल गाठी मारल्या.

मुरब्याहून एक मासेवाली मावशी दर आठवड्याला सुकट, बोंबील घेऊन आमच्या दारात यायची. तिने टोपली उतरवली आणि घरालगतच्या मक्याच्या वाडीकडे बघत उभी राहिली.

"काय गो बाय, मक्याचं लगीन लावलंस?"

"अभ्यास आहे, मावशी."

"आमी काय कॉलेजात गेलो नाय, पन अभ्यास वहीत करतात एवढं ठावं हाय."

"वहीत पण आहे."

"मंग वहीला बांध दोरा, ती तरी हरवायची नाय." आई पदर तोंडाला लावून हसत होती. मला हसू आलं नाही. सकाळी सहाला उठून, पट्टी घेऊन, दवाने ओल्या पानांत कोपरापर्यंत हात घालून मी आले होते, आणि या दोघींची करमणूक चालली होती.

त्यात थंडी पडली आणि पानं जणू थांबलीच. एका पानाला चार-चार, पाच-पाच दिवस लागायला लागले. रोज तेच आकडे. लष्करी अळी पोंग्यात शिरली, तिने आत कुरतडलेली पानं बाहेर आली ती ओळीने भोकं पडलेली. पहिला आठवडा तर माझा फुकटच गेला होता. पान कुठून वाढतं ते बघायला मी शेंड्याजवळ शाईचे ठिपके दिले होते आणि त्यांच्यामधलं अंतर मोजत होते. अंतर तसूभर वाढेना. मला वाटलं झाडंच खुंटली. नंतर लायब्ररीतल्या पुस्तकात, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं, तेव्हा कळलं की मक्याचं पान बुडातून वाढतं. शेंडा सगळ्यात आधी तयार होतो, मग तो नुसता वर ढकलला जातो. हे मॅडमना माहीत होतंच. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आमच्यासारख्या मुली विचारत नाहीत, माहीत नाही हे कळेल म्हणून.

त्याच पुस्तकात मी वाचलं होतं की झाडाला पाच-सहा पानं असतात तेव्हा त्याचा वाढता कोंब अजून मातीखालीच असतो, आणि पुढे येणारी सगळी पानं त्यात तेव्हाच तयार झालेली असतात, अगदी सूक्ष्म. मला ते फार आवडलं. घरी येऊन आईला सांगितलं.

आई म्हणाली, "सगळी आधीच बनलीत? मंग मोजतेस कशाला?"

जानेवारीत कॉलेजची अंतर्गत परीक्षा लागली. पेपर सकाळी लवकर, म्हणून मी पालघरला मैत्रिणीकडे राहिले. बारा दिवस. जायच्या दिवशी वहीत शेवटची नोंद केली: आठ पानं पूर्ण. पाचव्या पानाचा दोरा सगळ्या झाडांवर शाबूत होता. आईला सांगितलं, पाणी दे, अळी दिसली तर काढ, आणि परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मॅडम झाडं बघायला येणार आहेत. एवढंच सांगितलं. पुढचं जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही, आणि त्याबद्दल मी दुसऱ्या कुणाला बोल लावू शकत नाही, हा सगळ्यात मोठा वैताग.

शुक्रवारी शेवटचा पेपर देऊन दुपारी घरी आले. अंगण सारवलेलं होतं. वाडीत शिरायच्या जागी रांगोळी काढलेली. आणि माझी चाळीस झाडं गुडघ्यापर्यंत उघडी, सोललेली, न्हाव्याकडून आल्यासारखी उभी होती.

"कसं दिसतंय?" आईने हात पुसत विचारलं. "मॅडम येनार ना उद्या. खालची सुकी, पिवळी समदी काढली. हिरवी पन दोन-दोन काढली, म्हशीला झाली. आता कसा वारा खेळतो बघ आतून."

"दोरे कुठे आहेत?"

"ते नीट सोडून ठेवलेत ना. एक पन तोडला नाय." तिने भिंतीतल्या देवळीतून लाल दोऱ्यांची जुडी आणली. "मोज. चाळीस हायत."

चाळीसच होते. मला वाटतं, ते चाळीस भरले म्हणूनच मी भडकले.

आमच्याकडे ही रीतच आहे. मक्याची खालची पानं काढायची, कणसाला जोर मिळतो म्हणतात, आणि जनावराला हिरवं मिळतं. पाहुणा येणार असला की आई वाडीची वेणीफणी केल्यासारखी वाडी साफ करते. मामा येणार असला तरी वांग्याची पिवळी पानं खुडते. जन्मापासून हे बघत आले होते मी. मॅडम म्हणजे मामाहून मोठा पाहुणा. मी काय समजले होते, ती नुसती बसून राहील?

पण तेव्हा मी हा विचार केला नाही. मी म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं? चौथी शिकलीस आणि माझं वर्ष घालवलंस."

आईने जुडी परत देवळीत ठेवली आणि म्हशीकडे गेली. बाबा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "अगं, पान परत येल ना."

"ते पान परत येत नाही, बाबा! एका सांध्याला एकदाच पान येतं!"

"बरं," बाबा म्हणाले.

शनिवारी मॅडम रिक्षाने आल्या. आईने ओलं खोबरं घालून पोहे केले होते. "छान ठेवलंय हो शेत," मॅडम आईला म्हणाल्या, आणि आईने माझ्याकडे पाहिलं. मग मी मॅडमना बाजूला नेऊन सांगितलं. बारा दिवसांत किती पानं पूर्ण झाली माहीत नाही, खूण गेली, आता वरचं पान दहावं आहे की अकरावं ते सांगता येत नाही.

मॅडमनी चष्मा पुसला. "मग दोन आली असतील नाहीतर तीन. अंदाजाने भर."

"अंदाजाने?"

"सगळे भरतात गं. कोण बघतंय?"

मला आईचा राग आला होता त्याच्या दुप्पट राग तेव्हा आला, आणि तो दाखवता येईना. थंडीत दोन महिने वाकून मोजलं ते कशाला मग? पहिल्याच दिवशी चाळीस ओळी अंदाजाने लिहिल्या असत्या आणि झोपले असते. मी म्हणाले, "मॅडम, मी अंदाजाने नाही भरणार."

"मग विषय बदल. पण वेळ नाही हे लक्षात घे. नोंदी पूर्ण नसतील तर मी सही करणार नाही." त्या रिक्षात बसल्या. आईने त्यांना पिशवीभर वांगी दिली.

रविवारी मी पुस्तकातून उतरवून घेतलेली सगळी टिपणं काढून बसले. त्यात एक परिच्छेद होता, तेव्हा कामाचा वाटला नव्हता म्हणून अर्धवट उतरवलेला. खालची पानं गेलेली असतील तर झाड उपटून खोड उभं चिरायचं. तळाचे सांधे, म्हणजे एकेक पान जिथून फुटतं त्या गाठी, एकमेकांवर दाटीने बसलेले असतात, त्यांच्यात जागा नसते. मग पहिल्यांदा बोटाच्या पेराहून कमी, साधारण नखाएवढं मोकळं कांडं, म्हणजे दोन सांध्यांमधली जागा, दिसतं. त्याच्या वरचा सांधा बहुतेक पाचव्या पानाचा.

मी कोयता घेऊन एक झाड उपटलं आणि चिरायला गेले. खोड चिरलं नाही, चेंगरलं. आत नुसता हिरवा-पांढरा लगदा. दुसरं हातात घेतलं तेव्हा मागून आवाज आला.

"असा नाय. दे."

शुक्रवारनंतर आई माझ्याशी बोललेली ती पहिलीच गोष्ट. तिने विळी आणली, बूड पाण्याने धुतलं, खोड दोन्ही हातांत धरून पात्यावरून असं सरळ ओढलं की दोन फाकी झाल्या, भेंडीच्या होतात तशा. "आता काय बघायचं?"

तिच्याकडे न बघता मी सांगितलं. तिने फाक उजेडाकडे धरली. तळाला दाट रेघा, त्यांच्यावर एक लहानशी पांढरी जागा. तिथून वर मोजलं. पूर्ण झालेलं शेवटचं पान अकरावं. पुढच्या झाडाचंही अकरावं. त्याच्या पुढच्याचं दहावं. म्हणजे मॅडमच्या अंदाजाप्रमाणे सरसकट एक आकडा भरला असता तरी चुकलंच असतं, याचा मला आनंद झाला. पण तो टिकला नाही, कारण एक झाड चिरलं की ते मेलं. चाळीसच्या चाळीस चिरून आजची मोजणी मिळाली असती, उद्यापासून मोजायला काय राहणार होतं? वाया गेलेलं एक आणि चिरलेली तीन, छत्तीस उरली होती.

आई उठली. एका उभ्या झाडाशी उकिडवी बसली, बुडाची माती बोटांनी बाजूला केली आणि खोडावरून अंगठा खालीवर फिरवला. पानं वेढ्यासकट काढलेली असल्यामुळे खोड उघडंच होतं.

"ही ती जागा. हिच्या वरती पाचवं."

"कशावरून?"

"इथं अंगठा आत जातो. खाली समद्या गाठीच लागतात."

"उगाच काहीतरी सांगू नकोस."

"उपट की मंग."

मी उपटलं. तिने चिरलं. जागा बरोबर होती. मी दुसऱ्या झाडाकडे गेले, मुद्दाम बारीक खोडाचं निवडलं. तेही बरोबर. तिसरं, चौथं, पाचवं. ती चुकावी असं तेव्हा मला वाटत होतं, हे आता लिहिताना कळतं. सहाव्याला तिने बराच वेळ अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ह्याचं नक्की नाय सांगता येत." चिरलं तर तिने दाखवलेली जागा एका सांध्याने चुकली होती. जिथे तिला शंका होती तेवढंच चुकलं.

म्हणून तीस झाडं उभी राहिली. दुपार टळेपर्यंत आई एकेका बुडाशी बसून अंगठा लावत गेली, मी वर मोजत गेले आणि दहाव्या पानाला तेच जुने लाल दोरे बांधत गेले. दोन झाडांबद्दल तिला शंका आली, ती मी वहीत वेगळी लिहिली. आम्ही झाडांशिवाय दुसऱ्या कशाबद्दलही बोललो नाही. मी चौथीबद्दल जे बोलले होते ते तिने काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

त्यानंतर तुरा येईपर्यंत एकही दिवस चुकवला नाही. तुरा आला म्हणजे शेवटचं पान आलं, मोजणी संपली. अहवाल लिहायला घेतला आणि नवीनच भांडण. पाचवा सांधा कसा ओळखला, या जागी मी आईच्या अंगठ्याचं लिहिलं होतं.

"असं लिहितात का कुठे?" मॅडम म्हणाल्या. "'स्पर्शाने' लिही."

"कुणाच्या स्पर्शाने, मॅडम? माझ्या नाही."

"मग 'अनुभवी शेतकरी स्त्रीच्या स्पर्शाने' लिही. आणि ही रिकामी जागा कशाला ठेवलीस बारा दिवसांची?"

"तेव्हा मोजलं नव्हतं."

मॅडमनी सही केली, पण पेन असं ठेवलं की मला ऐकू यावं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर वही चाळत होते. त्यांचं बोट नेमकं त्या रिकाम्या जागेवर थांबलं. "हे काय?"

मी सांगितलं. मॅडम येणार म्हणून आईने पानं काढली, दोरे जपून ठेवले, मग खोडं चिरली. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. सरांनी चिरलेल्या खोडांचे फोटो पाहिले. ते मी मैत्रिणीच्या मोबाइलवर काढले होते.

"दुसऱ्यांच्या वह्यांत अशा रिकाम्या जागा नाहीत," ते म्हणाले.

"नसतात, सर," मी म्हणाले. मला तोंड बंद ठेवता येत नाही, हे मला मान्य आहे.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, पहिल्या पानाचं टोक कसं असतं विचारलं, पान कुठून वाढतं विचारलं. पहिल्या आठवड्याची शाईच्या ठिपक्यांची फजितीही मी त्यांना सांगितली. "जा," ते म्हणाले. जा म्हणजे काय, हे कळायला निकालापर्यंत थांबावं लागलं.

आई आता ही गोष्ट सगळ्यांना सांगते. मुरब्याच्या मावशीला तर माझ्यासमोर सांगितली. "हिचं कॉलेज अडलं होतं मक्यावर. मी झाडं चिरून दिली तवा पास झाली." पानं कुणी काढली होती ते त्यात येत नाही. मावशीने टोपली डोक्यावर घेत मला विचारलं, "मंग सर्टिफिकेट आयशीचं का तुझं?" मी अजूनही त्या गोष्टीत मध्येच तोंड घालते, "आणि आधी काय केलं होतंस ते सांग ना," आणि आई ऐकू न आल्यासारखं करते. मीही माझं तेव्हाचं वाक्य सांगत नाही. ते आज इथे लिहिलं.

प्रकल्पात मी पास झाले. वर्ष वाया गेलं नाही, पॅकिंगला जावं लागलं नाही. मी बीएस्सी झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर.